आय आधी, की व्ही आधी?

बालभारतीच्या पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण रोमन संख्याचिन्हांचं आहे. जूनमध्ये शाळा उघडते, वह्यांना कव्हरं घालून होतात, आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर तीन अक्षरं येतात. आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पाच, एक्स म्हणजे दहा. मी मुळात भाषेची शिक्षिका. बी.एड.ला माझ्या अध्यापन पद्धती उर्दू आणि मराठी. पण उर्दू माध्यमाच्या शाळेत माणसं कमी पडली की भाषेच्या बाईंना गणितही घ्यावं लागतं, आणि मला ते आवडतं. दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न ठरलेला असतो : "टीचर, ये एबीसीडी है या हिसाब?"

प्रश्न बरोबर आहे. जी अक्षरं शिकायला तिसरा तास वेगळा आहे, ती गणिताच्या तासाला आकडे बनून का येतात? आणि आपल्याकडे एक ते नऊ आणि शून्य असताना हे दुसरं दुकान कशाला? (या लेखात ही अक्षरं मी देवनागरीतच लिहिते आहे. वर्गात आम्ही ती मोठ्याने अशीच म्हणतो.)

आधी रीत सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. एकूण अक्षरं सात : आय एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. पाचवीत पहिल्या तिघांवर भागतं, पण मुलांना सातही हवी असतात. मोठं आधी आणि लहान नंतर आलं की मिळवायचं. लहान आधी आणि मोठं नंतर आलं की वजा करायचं. म्हणून व्ही-आय म्हणजे सहा आणि आय-व्ही म्हणजे चार. आय, एक्स, सी आणि एम ही अक्षरं सलग तीनदा चालतात, चौथ्यांदा नाही. व्ही, एल आणि डी दोनदाही नाहीत. वजाबाकीलाही शिस्त आहे. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी बसतो, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. म्हणून १९९९ लिहायला हजारातला एक कमी करून आय-एम असा शॉर्टकट चालत नाही. पूर्ण लिहावं लागतं : एम, सी-एम, एक्स-सी, आय-एक्स.

नेहमीची संख्या रोमनमध्ये न्यायची खरी युक्ती एकच आहे. संख्या आधी फोडायची. १९४७ घ्या. हजार, नऊशे, चाळीस, सात. हजाराचा एम. नऊशेचा सी-एम. चाळीसचा एक्स-एल. सातचा व्ही-आय-आय. चारही तुकडे ओळीने ठेवले की झालं. शून्य असेल तर त्या जागी काहीच लिहायचं नाही, कारण रोमन लिपीत शून्याला चिन्हच नाही.

इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं आहे की ज्या मुलाला रोमन जमत नाही, त्याला रोमन जमत नसतं असं नाही. त्याची स्थानिक किंमत कच्ची असते. १९४७ मधला ९ म्हणजे नऊ नव्हे, नऊशे, हे त्याच्या डोक्यात बसलेलं नसतं. नेहमीच्या अंकांत ते लपून राहतं, कारण चार आकडे उतरवून काढले की उत्तर दिसायला बरोबर दिसतं. रोमनमध्ये लपता येत नाही. म्हणून हे प्रकरण मला तपासणीसारखं वाटतं. डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतात, तसं.

स्थानिक किंमत समजवायला नवी मुंबईइतकं सोयीचं शहर नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, तिने खाडीपलीकडे हे शहर वसवलं आणि पत्ते आकड्यांत दिले. पण प्रत्येक नोडमध्ये सेक्टर पुन्हा एकपासून सुरू. मी विचारते, "सेक्टर सहाला जायचंय, रिक्षा कुठे नेशील?" वर्ग ओरडतो, "टीचर, कहाँ का छह? नेरूळ का की वाशी का?" बस्स, हेच. सहा हा आकडा एकटा काही सांगत नाही, तो कुठे उभा आहे ते सांगावं लागतं. रोमन एक्सचं तसं नाही. तो कुठेही गेला तरी दहाच. मिळवायचा की वजा करायचा, एवढंच जागेवर ठरतं.

उर्दू शाळेतल्या मुलांकडे याहून जवळचं एक उदाहरण असतं, फक्त ते त्यांना गणित वाटत नाही. रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यावर, जपून ठेवलेल्या नोटेवर ७८६ असतं. हे कुठून आलं, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "बिस्मिल्लाह का नंबर है." पण कसा? अरबी अक्षरांनाही किंमती आहेत. अलिफ एक, बे दोन, जीम तीन, दाल चार, आणि म्हणून त्या क्रमाचं नाव अबजद. ये दहा, काफ वीस, काफच्या पुढे लाम तीस, मीम चाळीस, नून पन्नास. मोठा काफ शंभर, रे दोनशे, असं करत ग़ैन हजारापर्यंत. आता बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीममधली अक्षरं मिळवा. बिस्मचे १०२, अल्लाहचे ६६, अर्रहमानचे ३२९, अर्रहीमचे २८९. बेरीज ७८६. फळ्यावर ही बेरीज मुलांनी स्वतः केली की वर्ग दोन मिनिटं गप्प होतो. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असलेल्या आकड्याचं आतलं यंत्र पहिल्यांदा उघडलेलं असतं.

मग मी रोमनशी तुलना करायला सांगते. दोन्हीकडे अक्षरंच आकडे आहेत. दोन्हीकडे शून्य नाही. पण अबजदमध्ये वजाबाकी नाही. अक्षर आधी आलं काय, नंतर आलं काय, बेरीज तीच. त्यामुळे फारसी-उर्दू शायर एखाद्याच्या निधनाचं किंवा मशीद बांधल्याचं साल एका ओळीत गुंफू शकत. ओळीतल्या अक्षरांची बेरीज केली की हिजरी साल निघतं. याला तारीख काढणं म्हणतात. रोमन अक्षरांना अशी मोकळीक नाही. आय आणि व्हीची जागा बदलली की चारचे सहा होतात.

या चार-सहाने एका घराला किती पळवलं, ते सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा तुर्भ्याच्या फळबाजारात काम करतात. घराणं बागवान, मूळ सोलापूरकडचं. मोठ्या मुलीच्या प्रवेशासाठी त्यांना इतर मागासवर्गाचा दाखला हवा होता. आपल्या राज्यात त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत बापाचा नाही तर आजोबाचा कागद. त्यांच्याकडे तो होता. आजोबांचा शाळा सोडल्याचा इंग्रजी दाखला, एका अँग्लो-उर्दू शाळेचा, घडी घालून घालून चार तुकडे व्हायला आलेला. त्यावर नाव होतं, जात होती, तारीख होती आणि इयत्तेच्या रकान्यात दोन रोमन अक्षरं होती. घडी नेमकी त्या अक्षरांवरून गेलेली.

एका कार्यालयात अर्ज दाखल करताना कोणीतरी ती इयत्ता सहावी अशी भरली. शाळेकडून आणलेल्या रजिस्टरच्या उताऱ्यात चौथी होती. झालं. "दोन कागदांत तफावत" असा शेरा मारून फाइल परत आली. त्या माणसाने सातवीनंतर शाळा सोडलेली. त्याला दाखल्यावरच्या खुणा इंग्रजी अक्षरं वाटत होत्या. त्या खुणांत आकडा आहे, हेच त्याला माहीत नव्हतं. तो फाइल घेऊन शाळेत आला, कारण अर्ज मराठीत लिहायचा होता आणि मराठी अर्ज लिहायला वस्तीतले बरेच जण माझ्याकडे येतात. मी दाखला उजेडात धरला तोवर त्याच्या धाकटीने मान घालून पाहिलं. "अब्बू, आय पहले है, व्ही बाद में. ये चार है." पाचवीच्या पहिल्या प्रकरणाची ती मुलगी.

पण कार्यालयाला पाचवीतल्या मुलीचं वाचन चालत नाही, आणि चालू नयेही. मी अर्ज लिहून दिला : मूळ दाखल्यावरचा रोमन आकडा चार आहे, रजिस्टरमध्येही चौथी आहे, तफावत नाही. त्यावर उत्तर आलं की शाळेचा साक्षांकित उतारा हवा, आणि त्यात इयत्ता अक्षरी हवी. सोलापूरची आणखी एक फेरी, दोन दिवसांची मजुरी बुडाली. उताऱ्यावर "चौथी" हा शब्द आला, मग काम झालं. तोवर प्रवेशाची पहिली फेरी संपली होती. मोठीला दुसऱ्या फेरीत लांबचं कॉलेज मिळालं. ती आता रोज ट्रेन बदलून जाते. याला संकट म्हणणार नाही. पण जवळच्या कॉलेजचं तिचं नाव दोन अक्षरांच्या क्रमात अडकलं, हे खरं.

आकड्यांत फेरफार होईल ही भीती नवी नाही, आणि तिचा इतिहास गमतीचा आहे. आपण आज जे अंक वापरतो ते हिंदुस्थानातून बगदादला गेले. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्याशी बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले होते. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीने हिंदी हिशेबावर पुस्तक लिहिलं. अल्गोरिदम हा शब्द त्याच्याच नावाचा अपभ्रंश. आपल्या शून्याचं अरबीत सिफ्र झालं, आणि सिफ्रचं पुढे युरोपात झीरो. पिसा शहरातला फिबोनाची आजच्या अल्जीरियातल्या बंदरात हे अंक शिकला आणि १२०२ साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. तरीही १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला बंदी केली. रक्कम रोमन अंकांत किंवा शब्दांत लिहा, असा नियम. शून्याचा सहा किंवा नऊ करणं सोपं, ही एक धास्ती त्यामागे सांगितली जाते. आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो, तीही याच काळजीने. मात्र रोमन अंकही काही अभेद्य नाहीत. तीनच्या आधी एक व्ही ओढला की आठ होतात. घडी पडली की चारचे सहा होतात, ते तर पाहिलंच. शेवटी शब्दच खरा राहतो.

हे ऐकून कोणाला वाटेल की अक्षरांचे आकडे ही परक्यांची पद्धत, आपण पहिल्यापासून शून्यवाले. तसंही नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे त्यात कोरलेत. ते ब्राह्मी अंक आहेत, आपल्या आजच्या अंकांचे पूर्वज. पण त्यांत शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चार हजार. म्हणजे सह्याद्रीच्या घाटातही एके काळी मोजणी रोमन मोजणीची चुलत बहीण होती. शून्याची वाट नंतर सापडली.

आणखी एक गोष्ट मी मराठीच्या तासाला सांगते, कारण ती ऐकून माझ्या मुलांचे चेहरे बदलतात. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मराठी पत्रांत साल बहुतेक वेळा आकड्यांत नसतं, शब्दांत असतं, आणि ते शब्द अरबी असतात. त्याला सुहूर सन म्हणतात, मृगसालही म्हणतात, कारण ते मृग नक्षत्राबरोबर सुरू होतं. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस... मदरशात अरबी गिनती शिकलेलं पोर लगेच ओळखतं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्या वर्षाच्या मराठी कागदांवर साल येतं : इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे ११६१. सुहूर सनात मृगाच्या आधीच्या महिन्यांत ६०० आणि नंतरच्या महिन्यांत ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो. ११६१ अधिक ६००, १७६१. मोडी लिपी, मराठी भाषा, अरबी अंकशब्द, आणि वर्ष पावसाच्या नक्षत्रावर बांधलेलं. हा कागद कोणाचा, असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं? मी प्रश्न विचारते आणि पुढे जाते.

क्रमही बघण्यासारखा आहे. रोमनमध्ये मोठं आधी, लहान शेवटी. सुहूर सनात उलटं, एकम आधी. मराठी आणि उर्दूही बोलताना तशाच. आपण एकसष्ट म्हणतो, ते इकसठ म्हणतात, एक आधी आणि साठ नंतर. पण लिहिताना सहा आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" असंही वाचायची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. थट्टा खूप झाली. मला मात्र त्यामागची अडचण ठाऊक होती. माझी मुलं उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्याच ओळीत आकडा आला की हात डावीकडून उजवीकडे वळवतात, आणि तोंडाने एकम आधी म्हणतात. एका ओळीत तीन दिशा. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे जमतं, याचंच मला कौतुक वाटतं.

सहलीला आम्ही मुलांना गेटवे ऑफ इंडियाला नेतो. बहुतेकांचं लक्ष बोटींकडे आणि कबुतरांकडे. कमानीवर वर इंग्रजी लेख आहे : राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या हिंदुस्थानातल्या आगमनाच्या स्मरणार्थ. त्या अख्ख्या लेखात नेहमीचा एकही अंक नाही. राजाच्या नावापुढे व्ही, तारीख शब्दांत, दोन डिसेंबर, आणि साल एम, सी-एम, एक्स, आय. हजार, नऊशे, दहा, एक. १९११. मुलं माना वर करून फोडत बसतात. मग मी सांगते की राजा आला तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि उद्घाटन १९२४ मध्ये. दगडावर कोरलेलं साल बांधकामाचं आहे असं समजून बाहेर पडणारे कितीतरी असतील. आकडा वाचता येणं एक, आणि तो कशाचा आहे हे विचारणं दुसरं. मला दोन्ही शिकवायचं असतं.

मशिदीतल्या घड्याळांवरून तर दरवर्षी भांडण होतं. जमातीच्या वेळा दाखवणारी पाच-सहा घड्याळांची पाटी असते ना, तसल्या एका जुन्या पाटीवर रोमन अंक आहेत, आणि चारच्या जागी आय-व्ही नाही, चार उभ्या रेघा आहेत. "टीचर, मस्जिद की घड़ी ग़लत है," अशी तक्रार येते. चूक नाही, घड्याळवाल्यांची ती जुनी रूढी आहे. पुस्तकाचा नियम एक, वापराचा दुसरा, आणि दोन्ही जगात शेजारी राहतात.

मोठी झाल्यावर हीच मुलं संविधानाची इंग्रजी प्रत उघडतील, तेव्हा तिथेही रोमन आकडे भेटतील. मूलभूत हक्कांचा भाग तीन उभ्या रेघांचा. त्यातच अनुच्छेद २९ आणि ३०, अल्पसंख्याकांची भाषा आणि शाळा. राजभाषेचा भाग सतराव्या क्रमांकाचा, एक्स-व्ही-आय-आय. त्यात १९५६ साली घातलेला अनुच्छेद ३५० क आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं तो सांगतो. आमची शाळा ज्या वाक्यावर उभी आहे, ते या भागात आहे. तो भाग शोधायला रोमन वाचता आलं पाहिजे.

म्हणून दोन वर्षांपासून मी या प्रकरणाचा गृहपाठ बदलला आहे. पुस्तकातली उदाहरणं सोडवायचीच, शिवाय घरातला सर्वांत जुना कागद शोधून त्यावरचे सगळे आकडे वहीत उतरवायचे. कोणत्या लिपीत, कोणत्या सनात, आज त्याचं काय होतं. वह्यांमध्ये काय काय येतं! दादीच्या निकाहनाम्यावरचं हिजरी साल, दादाचा रोमन इयत्तेचा दाखला, गावच्या उताऱ्यावरचे मोडी वळणाचे आकडे, रेशनकार्डावर पुसट झालेलं वय. मूळ कागद शाळेत आणायचा नाही, हे मी बजावून सांगते.

तुम्हालाही तेवढंच सांगते. लोखंडी कपाटातली ती पिशवी एकदा सवडीने काढा. घरातली म्हातारी माणसं वाचून दाखवायला आहेत तोवर काढा. घडी अक्षरांवरून जात असेल तर कागद सरळ करून ठेवा, स्वच्छ प्रत काढा, आणि वेगळ्या चिठ्ठीवर प्रत्येक आकडा शब्दांत लिहून ठेवा. चौथी. एकोणीसशे अठ्ठावन्न. अर्धा तास लागेल. घरात पाचवीतलं कोणी असेल तर शेजारी बसवून घ्या. रोमन आकडा दिसला की त्यालाच विचारा, आय आधी आहे की व्ही.